एक बोट उचलण्यापुरतं

॥ येशू, मेरी, जोसेफ ॥

बँगर एरिस, मेयो
३ जून १९८४

प्रिय नणंदबाई डिम्फ्ना हिस अट्रॅक्टावहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायला बसले होते, पण तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार आहे? तुझ्या भावाच्या पोटात गाठ आहे. हिवाळ्यापासून त्याचं जेवण कमी झालं होतं. मी बटाट्यांना नावं ठेवत बसले, पण दोष बटाट्यांचा नव्हता. गॅलवेच्या मोठ्या डॉक्टरांनी ऑगस्टच्या सुरुवातीला पोट उघडायचं ठरवलं आहे. आत काय निघेल ते उघडल्यावरच कळेल, असं ते म्हणाले. मॅलकी त्यांना म्हणाला की, हे तर दलदलीत जळणाचं पीट कापण्यासारखंच झालं, खाली काय लागेल ते फावड्यालाच ठाऊक. डॉक्टर हसले, मी नाही हसले.

पीट कापून झालं आहे. त्याच्या विटा वाळायला उन्हात उभ्या करायच्या आहेत, पण ऊन यायचं नाव घेत नाही. मॅलकी रोज जाऊन त्या विटांकडे बघत बसतो. मी रागावले की म्हणतो, त्यांना सोबत हवी असते.

आता मुद्द्यावर येते. बावीस जुलैला आपल्या दफनभूमीत कबरींचा रविवार आहे. फादर येऊन प्रत्येक कबरीवर पाणी शिंपडणार, आणि ज्याची माणसं त्याच्या कबरीपाशी उभी राहणार. तुझ्या आईच्या कबरीपाशी गेली आठ वर्षं आम्ही दोघंच उभे असतो. शेजारी पॅडनांच्या कबरीला पोराबाळांची जत्रा, आणि आमच्याकडे मधे एक मोकळी जागा. यंदा त्या जागेत तू उभी राहा. मॅलकीने तुला बोलवायला सांगितलेलं नाही, हे आधीच सांगते. पण मी पत्र लिहायला बसले तेव्हा कुणाला लिहितेस असं त्याने विचारलं नाही, आणि शाई संपली तर कपाटात दुसरी बाटली आहे, एवढं मात्र सांगून गेला.

तुला प्रवासाचं किती भय आहे ते मला माहीत आहे. देश एवढासा, पण तू त्याच्या एका कोपऱ्यात आणि आम्ही बरोबर समोरच्या. कशी येशील ते तू ठरव, पण ये.

उत्तर लवकर दे. माया आहेच, तिला वारा लागू देऊ नकोस.

तुझी वहिनी,
अट्रॅक्टा

॥ येशू, मेरी, जोसेफ ॥

किलमोर की, वेक्सफर्ड
१४ जून १९८४

ती. अट्रॅक्टावहिनीस डिम्फ्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि किती तरी वेळ धक्क्यावर जाऊन बसले. होड्या आल्या, रिकाम्या झाल्या, परत गेल्या. दादाच्या पोटात गाठ, आणि मी इथे खेकडे उकडतेय. मी येणार. आता प्रश्न एवढाच की कशी.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून ठेवला आहे. कोपरे गुंडाळतात म्हणून बटरचं भांडं डब्लिनवर आणि मीठदाणी अ‍ॅथलोनवर ठेवली आहे. सकाळी चहाचा कप घेते आणि बोटाने चालायला लागते. न्यू रॉस, किलकेनी, बर, शॅननचा पूल. बोट कधी दचकत नाही, कुणी मागून भोंगा वाजवत नाही. वळणावर वारा येतो, गवताचा वास येतो, मला खरंच येतो, वहिनी, हसू नकोस. असं करत करत मी तुमच्या दारापर्यंत रोज पोहोचते, आणि चहा गार झालेला असतो.

पण बोटाने काही खरा प्रवास होत नाही. आगगाडीने निघावं तर ती डब्लिनच्या एका स्टेशनात सोडणार आणि दुसरी गाडी शहराच्या पार पलीकडच्या स्टेशनातून सुटणार. मधे मी आणि माझी बॅग. मागे एकदा त्या शहरात रस्ता ओलांडायला मी इतका वेळ उभी होते की एका बाईने मला बसचा थांबा समजून माझ्यामागे रांग धरली. दुसरा मार्ग वॉटी फर्लाँगचा. तो आठवड्यातून एकदा मासळीचा ट्रक घेऊन अ‍ॅथलोनला जातो आणि तिथून पुढे कुणाच्या तरी गळ्यात बांधीन म्हणतो. पण तो पाइप पेटवताना स्टिअरिंग गुडघ्यांनी धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

राहता राहिली माझ्या फिन्टनची मॉरिस गाडी. तो गेल्यापासून ती क्रीम रंगाची म्हातारी माझ्याकडेच आहे. रविवारी मी ती चर्चला नेते. आठवडाभर मागच्या सीटवर कोंबड्या बसतात आणि मला वाटतं तिलाही तेच जास्त आवडतं. परवाना आहे माझ्याकडे, पण परीक्षा न देता मिळालेला. सरकारकडे परीक्षेची रांग फार लांबली, म्हणून एका फटक्यात सगळ्यांना वाटून टाकले, त्यात माझाही आला. डावीकडे वळायला मी घाबरत नाही. उजवीकडे वळायचं म्हटलं की समोरून येणारं अख्खं जग आडवं कापावं लागतं, आणि मला ते जमत नाही. म्हणून चर्चहून येताना मी तीनदा डावीकडे वळून घरी येते. शेजारची मिसेस रॉश म्हणते की देवाघरून यायला एवढा वळसा घेणारी बाई तिने दुसरी पाहिली नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे की नॉकच्या यात्रेच्या बसने यायचं. आमचे फादर सिनॉट नेमके वीस तारखेला गावाला माउलीच्या दर्शनाला नेत आहेत. दार बंद झाल्याक्षणी जपमाळ सुरू होते ती नॉकपर्यंत. मिसेस रॉश खिडकीशी बसून भजनं गाते आणि शेवटची ओळ कायम दोनदा म्हणते. पण गाडी दुसरं कुणी चालवतं, एवढं पुण्य मला पुरे. नॉकपासून पुढे मला न्यायला दादा त्याची व्हॅन घेऊन येईल का, तेवढं विचार. तब्येत झेपत असेल तरच.

लोभ वाढवू नकोस म्हटलं तरी तू वाढवशीलच, तेव्हा असो.

तुझी,
डिम्फ्ना

॥ येशू, मेरी, जोसेफ ॥

बँगर एरिस
२३ जून १९८४

प्रिय डिम्फ्ना हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बसचा थांबा आला तेव्हा तो हसला. कोंबड्यांनाही हसला. मग नॉकला न्यायला येशील का हे वाचलं आणि तो उठून दाराशी गेला. पाठमोराच म्हणाला की, पोस्टाच्या गाडीतून येऊ दे तिला. ज्या बाईला माझ्यासाठी स्टिअरिंगवरून एक बोट उचलवलं नाही, तिच्यासाठी मी पेट्रोल का जाळू.

मला काही कळेना. मी एप्रन खोचून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं की, आज बोलल्याशिवाय जेवण नाही. तो म्हणाला, तसंही कुठे जातंय जेवण. पण बोलला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आठवतं का तुला, आईला जाऊन महिना झाला त्या मिस्साच्या प्रार्थनेसाठी तुम्ही आला होता? फिन्टनचा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून गाडी तू चालवत होतीस. दुसऱ्या दिवशी निघताना मॅलकी घरात नव्हता, पीटवर गेला होता, आणि तू म्हणालीस की दादाला निरोप घेणं जमत नाही, राहू दे. खरंच जमत नाही त्याला. पण तो पीटवर गेलेला नव्हता, बाई. तो बेलाकॉरिकच्या रस्त्यावरच्या वळणावर जाऊन उभा होता. तिथून तुझी गाडी जाणार, घरात नाही तरी तिथे हात करू, असं त्याच्या मनात होतं. तुमची गाडी आली. त्याने हात वर केला. तू सरळ समोर बघत निघून गेलीस. एक बोट नाही उचललंस.

तू इथली मुलगी आहेस, तुला समजावून सांगायला नको. या रस्त्यावर अनोळखी माणसालाही स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करतात. पशूंचा डॉक्टर उचलतो, कर गोळा करणारा उचलतो. न उचलणारा एक तर डब्लिनचा असतो, नाही तर त्याचं काही तरी बिनसलेलं असतं. आईने घर आणि जमीन मॅलकीच्या नावावर केली होती, त्यावर तू चकार शब्द काढला नव्हतास. त्याने त्या न उचललेल्या बोटाचा अर्थ लावला, की हे आहे तिचं उत्तर. तेव्हापासून नाताळच्या कार्डावर मी त्याच्या हातात पेन देऊन नाव लिहून घेते.

मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे. त्याला म्हटलं की आठ वर्षं हे पोटात ठेवलंस तर डॉक्टरांना आत दुसरं काय सापडणार? मग रडू आलं मला. एवढं लिहून पुरे करते. पोस्टाची गाडी नॉकला येईल, तशी व्यवस्था करून ठेवते.

खरं काय ते कळव.

अट्रॅक्टा

॥ येशू, मेरी, जोसेफ ॥

किलमोर की
१ जुलै १९८४

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मला तो दिसलाच नाही, वहिनी. शपथ. तो दिसला नाही, वळण दिसलं नाही, आभाळसुद्धा दिसलं नाही. गाडी हातात घेऊन मला पंधरवडाच झाला होता. तुमचा तो रस्ता दलदलीवर तरंगतो, मधे उंच आणि कडांना भुसभुशीत. मला वाटत होतं की मी श्वास जोरात घेतला तरी आम्ही खाली जाऊ. मी बॉनेटच्या टोकावरच्या चकचकीत ठिपक्याकडे बघत होते आणि स्टिअरिंगला अशी लटकले होते की कड्याला लटकावं. एक बोट काय म्हणतेस! कुणी दहा पौंडांची नोट धरली असती तरी माझं बोट सुटलं नसतं. फिन्टनने तरी बघावं ना? तर तो शेजारी डोळे घट्ट मिटून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत होता.

आणि माझा दादा तिथे हात वर करून उभा होता.

घराचं तर माझ्या मनातही नव्हतं. मला ते घर हवं होतं ते तुम्ही दोघं त्यात असलेलं.

हे त्याला सांगू नकोस. माझी एवढी एक विनंती आहे. कागदावरून सांगितलं तर तो म्हणेल, आठ वर्षं होती तिला गोष्ट रचायला, आणि म्हणायचा त्याला हक्क आहे. जे रस्त्यावर राहिलं ते रस्त्यावरच द्यायला हवं. फादर सिनॉटना सांगून मी बसमधलं नाव काढून टाकलं. ते म्हणाले की माउली रागवायची नाही, पण मिसेस रॉश रागावेल. मी मॉरिस घेऊन येतेय. एकटी. कोंबड्यांना गाडीतून बाहेर काढलं आहे, त्या दाराशी येऊन माझ्याकडे बघतात.

वॉटी रोज संध्याकाळी शेजारी बसून शिकवतो. समुद्राकडच्या गल्लीत आम्ही जातो. तो म्हणतो, आता उचल, आणि मी बोट उचलते, आणि बोटाबरोबर सगळी गाडीच कलते. पहिल्या दिवशी मिसेस रॉशच्या फ्यूशियाच्या फुलझाडांच्या कुंपणात शिरलो. वॉटी म्हणाला की समुद्रात त्याने वादळं पाहिली आहेत, पण पाइप हातातून पडला तो इथे. काल मात्र जमलं. गल्लीच्या टोकाला एक गाढव उभं होतं, त्याला मी बोट उचलून रामराम केला आणि गाडी सरळ राहिली. गाढवाने काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, दादाला असंच वाटलं असेल.

पहाटे पहाटे स्वप्न पडतं. धुकं असतं, रस्ता गाडीखालून पाण्यासारखा वाहत असतो, दोन्ही बाजूंना वाळलेल्या गवताच्या गंजी हळूहळू मागे जातात आणि माझे हात मांडीवर असतात. गाडी आपली आपण चालते आणि मला मुळीच भीती वाटत नाही. वळण दिसतं, त्यावर कुणी तरी उभं असतं, पण मी जवळ जाते तसं ते वळण पुढे सरकतं. जाग येते तेव्हा मुठी आवळलेल्या असतात.

मार्ग असा काढला आहे की उजवीकडे फार कमी वळावं लागेल. जिथे लागेल तिथे तीनदा डावीकडे वळीन. वीस तारखेला शॅननच्या काठी मुक्काम करीन, एकवीसला, शनिवारी, दुपार कलता कलता बेलाकॉरिक. तो त्या वळणावर येईल असं काही तरी कर. कसं करायचं ते तुझं तू बघ, तू त्याला एवढी वर्षं सांभाळते आहेस.

मेणबत्ती लाव. लोभ आहे तो शनिवारपर्यंत पुरवून ठेव.

तुझी,
डिम्फ्ना

बँगर एरिस
११ जुलै १९८४

प्रिय डिम्फ्ना हिस,

घाईत दोन ओळी. तू गाडी घेऊन एकटी येतेस एवढंच त्याला सांगितलं. तो म्हणाला की, आयर्लंडमधल्या मेंढ्यांना आधी कळवा. वळणावर जाशील का म्हटलं तर म्हणे, आजारी माणसाने रस्त्यात उभं राहायचं नसतं. पण आज जेवताना त्याने विचारलं की वळणाजवळचं पीट वाळलं असेल का, एकवीस तारखेच्या सुमारास बघून यायला हवं. मी म्हटलं, बघ बाबा, तुझं पीट आहे.

काहीच सांगितलेलं नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली आहे. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात आणि त्या उठत नाहीत, तूच थांब.

अट्रॅक्टा

(पोस्टकार्ड)
बॅनहर
२० जुलै

वहिनी, अर्धा देश झाला! बर गावात चौकाभोवती इतके फेरे झाले की एका दुकानदाराने खुर्ची बाहेर आणून ठेवली. आता नदीच्या काठी बसले आहे. पाणी एवढं संथ आहे की पूलच वाहतोय असं वाटतं. कुरणात गाई पोटापर्यंत धुक्यात उभ्या आहेत, पाय नसल्यासारख्या. मॉरिस शेजारी उभी आहे, तिला थोपटलं. उद्या पूल ओलांडला की आपला पश्चिमेचा मुलूख. बोटं अजून स्टिअरिंग धरल्यासारखी वाकलेली आहेत, पण चमचा धरता येतो. त्याला म्हणावं, पीट वाळलेलंच असेल. — डि.

॥ येशू, मेरी, जोसेफ ॥

इस्पितळ, गॅलवे
१६ ऑगस्ट १९८४

चि. डिम्फ्ना हिस मॅलकीदादाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. पण नर्सने कागद आणून ठेवला आहे, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोड्यांच्या शर्यतींशिवाय दुसरं बोलत नाही. तू माझ्याच घरात माझ्याच बायकोजवळ बसून हे वाचशील. तरी लिहितो, कारण त्या दिवशी तू आतून पाहिलंस, मी बाहेरून पाहिलं.

मी वळणावर पीट बघायला गेलो होतो. ते वाळलं होतं. तरी उभा राहिलो. खूप वेळाने क्रीम रंगाची गाडी दिसली. तिच्यामागे दुधाचा ट्रक, दोन ट्रॅक्टर आणि पॅडनांची व्हॅन अशी रांग. कुणी भोंगा वाजवत नव्हतं. पॅडन नंतर म्हणाला की त्याला वाटलं कुणाची तरी अंत्ययात्रा आहे, आणि त्याने टोपी काढली होती. त्याआधी तू बेलाकॉरिकच्या पुलावर थांबून कठड्यावरून दगड घासत नेला होतास, आपण लहानपणी न्यायचो तसा. तो कठडा अजून सुरात वाजतो. मला तो आवाज इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, मधे मैलोगणती दलदल आहे. पण आला. काय म्हणायचं ते म्हण.

मग तू जवळ आलीस. तुला गोळी घालायला नेतायत असा तुझा चेहरा होता. मी हात वर केला नाही. गेल्या वेळी मी केला होता, आता पाळी तुझी होती. एवढा मी आढ्यताखोर. तुझं बोट उठलं. मग दुसरं उठलं. मग अख्खा पंजा. आणि मग, देवा रे, दुसराही हात. दोन्ही हात वर करून तू हसत हसत माझ्यासमोरून गेलीस आणि गाडी अगदी हळू, एखादी गाय खाली बसते तशी, चरात उतरली. पोट दुखेपर्यंत हसलो मी. त्या पोटात तेव्हा गाठ होती, ते विसरूनच गेलो होतो.

ट्रॅक्टरवाला दोर शोधत होता तेव्हा चिखलात उभी राहून तू मला सगळं सांगितलंस. त्या ठिपक्याचं, फिन्टनच्या मिटलेल्या डोळ्यांचं. मी नुसता तुझ्या टाचेवरचा चिखल काढत बसलो. आठ वर्षं मी एका घाबरलेल्या मुलीवर रागावून होतो. हे मला त्या दिवशी म्हणता आलं नाही, म्हणून आज लिहिलं.

कबरींच्या रविवारी आईपाशी मधे जागा राहिली नाही. पॅडनची बायकोही म्हणाली, यंदा तुमच्याकडे गर्दी.

डॉक्टरांनी गाठ काढली आहे. पुढचं ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. घरी जा आणि जेवा म्हणाले. मंगळवारी सोडणार आहेत. पॅडन व्हॅन घेऊन यायला तयार आहे, अट्रॅक्टाचा निरोप होता. मी नको म्हणून कळवलं आहे. माझी बहीण येईल म्हटलं.

गॅलवेला यायला थोडं उजवीकडे वळावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. पण आता एका वेळी एकच वळण असतं, असं मनाशी धर. चौकात हवे तेवढे फेरे मार, मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून असतो, मला काही घाई नाही. निघाल्यावरही हळूच चालव. टाके नवे आहेत, आणि वाटेत बघण्यासारखं बरंच काही आहे, जे मी इतकी वर्षं बघायचं सोडून दिलं होतं.

आणि एक सांगतो. तू दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेव, एकसुद्धा सोडू नकोस. वाटेत जे भेटतील त्यांना बोट मी उचलीन, दोघांच्या वतीने.

वाट बघतो आहे.

तुझा दादा,
मॅलकी